चिमुकल्या इंजिनाला आवाज कसा द्यावा?

स्टेशनच्या फलाटावर उभे असताना क्षणभर डोळे मिटून घ्या. इंजिन दिसत नसले तरी ते जवळ येत आहे की दूर जात आहे, वेग घेत आहे की थांबत आहे, हे तुम्हाला नुसत्या आवाजावरून सांगता येईल. आगगाडी ही जितकी पाहण्याची वस्तू आहे तितकीच ऐकण्याचीही आहे. म्हणूनच आगगाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती चालविणाऱ्या छांदिष्टांना फार वर्षे एक रुखरुख लागून राहिली होती. रूळ, सिग्नल, डबे, धुराडे, सारे काही जसेच्या तसे. पण गाडी मात्र मुकी! विजेच्या लहानशा मोटारीची घरघर तेवढी ऐकू यायची.

आज ही उणीव भरून काढता येते. बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत मावणारे ‘ध्वनी डिकोडर’ आणि नखाएवढे स्पीकर मिळू लागले आहेत. पण पुष्कळांचा अनुभव असा, की महागडा डिकोडर आणावा, मोठ्या हौसेने इंजिनात बसवावा, कळ दाबावी, आणि वाफेच्या इंजिनाच्या भारदस्त ‘भक्‌ भक्‌’ऐवजी डबीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुण ऐकू यावी! असे का होते? दोष डिकोडरचा असतो की स्पीकरचा? की आणखी कशाचा? शाळेत ध्वनी आणि वीज या पाठांत आपण जे शिकतो, तेवढ्याच आधारावर या प्रश्नाचे उत्तर काढता येते. कसे ते पाहू.

आवाज लहान करता येतो का?

प्रतिकृतींची काही ठरावीक प्रमाणे आहेत. ‘एचओ’ प्रमाणात मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाएवढी प्रतिकृती करतात. तिच्या रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते. जर्मनीत हँबुर्ग येथे २००१ साली सुरू झालेले ‘मिनिआटुर वुंडरलांड’ हे विख्यात प्रदर्शन याच प्रमाणातील आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, त्यातील गाड्याही याच प्रमाणातल्या आहेत. याहून लहान प्रमाण म्हणजे ‘एन’. यात मूळ गाडीच्या १६० वा भाग घेतात आणि रुळांतील अंतर ९ मि.मी. असते. मार्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ साली तर १:२२० एवढे लहान ‘झेड’ प्रमाण आणले. त्याचे रूळ अवघे ६.५ मि.मी. अंतरावर असतात.

आपण उदाहरणासाठी ‘एन’ प्रमाणातले एक इंजिन घेऊ. जर्मन रेल्वेचे ‘०१’ वर्गाचे वाफेचे इंजिन १९२६ पासून बनू लागले. ते जलद प्रवासी गाड्यांना जोडीत. टेंडरसह, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, त्याची लांबी सुमारे २४ मीटर. तिला १६० ने भागा. प्रतिकृतीची लांबी येते १५ सें.मी. रुंदी मूळची सुमारे ३ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १९ मि.मी. एवढ्या जागेत मोटार, दंतचक्रे, डिकोडर आणि स्पीकर बसवायचे आहेत.

लांबी-रुंदी १६० पट कमी केली. मग आवाजही तसाच १६० पट लहान करावा काय? करून पाहा. समजा, खऱ्या इंजिनाच्या शिट्टीचा स्वर सेकंदाला ५०० कंपनांचा, म्हणजे ५०० हर्ट्‌झचा आहे. शिट्टीचे माप १६० पट लहान केले तर तिचा स्वर १६० पट उंच होईल, म्हणजे ८०,००० हर्ट्‌झ! माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. तेव्हा ही शिट्टी कोणालाच ऐकू येणार नाही.

याचा अर्थ असा, की प्रतिकृतीत इंजिन लहान होते, पण स्वर मूळचाच ठेवावा लागतो. कमी करता येतो तो फक्त त्याचा मोठेपणा. तो किती कमी करावा? ‘एन’ प्रमाणातील इंजिन तुम्ही अर्ध्या मीटरवरून पाहता, तेव्हा ते खरे इंजिन ८० मीटरांवरून पाहिल्यासारखे दिसते. मग आवाजही ८० मीटरांवरून यावा तेवढाच हवा. खऱ्या इंजिनापासून ५ मीटरांवर उभे राहण्याऐवजी ८० मीटरांवर उभे राहिलो, तर अंतर १६ पट होते आणि ध्वनीची तीव्रता १६ च्या वर्गाएवढी, म्हणजे २५६ पट कमी होते. डेसिबेलच्या भाषेत ही घट २४ डेसिबेलची. म्हणजे चिमुकल्या इंजिनाने खोली दणाणून सोडावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. आवाज हळू चालेल. पण तो खरा वाटला पाहिजे. अडचण आहे ती इथेच.

रुळांतून येणारा निरोप

आधी डिकोडरचे काम समजून घेऊ. जुन्या पद्धतीत रुळांना एकदिश विद्युतप्रवाह देत. गाडी जोरात न्यायची तर व्होल्ट वाढवायचे, थांबवायची तर शून्य करायचे. या पद्धतीत एक मोठी अडचण होती. गाडी थांबली की रुळांत वीजच नाही! मग स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनाने फुसफुसावे कसे?

१९९० च्या दशकात अमेरिकेतील प्रतिकृती-छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने एक सर्वमान्य अंकीय पद्धत ठरवून दिली. तिला ‘डीसीसी’ म्हणतात. जर्मनीतील लेंझ या कंपनीने विकसित केलेल्या तंत्रावर ती आधारलेली आहे. या पद्धतीत रुळांतील व्होल्ट कायम असतात, फक्त त्यांची दिशा भराभर उलटसुलट होत असते. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी बदलली तर तो ‘१’. सुमारे १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी बदलली तर तो ‘०’. तारायंत्रात टिंब आणि रेघ असत, तशातलाच हा प्रकार. अशा एकांनी आणि शून्यांनी निरोप तयार होतो: “३ नंबरच्या इंजिना, शिट्टी वाजव!” रुळांवर दहा इंजिने असली तरी हा निरोप फक्त ३ नंबरचे इंजिन पाळते. प्रत्येक इंजिनातील डिकोडर हे निरोप वाचतो, आपले तेवढे उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. डिकोडर म्हणजे संकेत उलगडणारा. गाडी उभी असतानाही रुळांत वीज असल्यामुळे इंजिनाला आता उभ्या उभ्या आवाज करता येतो.

डिकोडरच्या पोटात

साधा डिकोडर फक्त मोटार आणि दिवे सांभाळतो. ध्वनी डिकोडरात याखेरीज खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रण साठविलेले असते आणि ते स्पीकरकडे पाठविणारा एक छोटा विवर्धकही असतो. ध्वनिमुद्रण अंकांच्या रूपात असते. समजा, आवाजाची लहर सेकंदाला ३१,२५० वेळा मोजली आणि प्रत्येक मोजमाप २ बाइटमध्ये लिहिले. एका सेकंदाला ६२,५०० बाइट लागले. स्मृती १ कोटी ६० लक्ष बाइटची असेल तर तीत २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटांचा आवाज मावेल. इतका थोडा आवाज पुरतो कसा? कारण डिकोडर सबंध प्रवास साठवीत नाही. धुराड्याचा एक फटकारा, शिट्टी, घंटा, ब्रेकची किंचाळी असे तुकडे तो साठवितो आणि लागतील तसे जोडून वाजवितो. वाफेच्या फटकाऱ्यावर शिट्टी आणि शिट्टीवर घंटा असे अनेक आवाज एकाच वेळी मिसळण्याचीही त्याची तयारी असते.

फटकारे किती लवकर द्यायचे? याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. ‘०१’ इंजिनाला दोन सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात ४ फटकारे ऐकू येतात. चाकाचा व्यास २ मीटर, म्हणजे परीघ सुमारे ६.२८ मीटर. ताशी १८ कि.मी. वेगाने इंजिन सेकंदाला ५ मीटर जाते. चाकाचे ०.८ फेरे झाले. फटकारे झाले सुमारे ३. हे सहज मोजता येतात. ताशी ७२ कि.मी. वेगाला ते सेकंदाला १२ ते १३ होतात आणि एकमेकांत मिसळू लागतात. त्याच रेल्वेच्या ‘४४’ वर्गाच्या मालगाडीच्या इंजिनाला तीन सिलिंडर होते. त्याचे फेऱ्याला ६ फटकारे पडत. म्हणून डिकोडरमध्ये कुठल्या तरी वाफेच्या इंजिनाचा आवाज असून भागत नाही. जाणकाराचा कान तो चटकन ओळखतो.

चाकाचा वेग डिकोडरला कसा कळतो? एक युक्ती केलेली असते. डिकोडर मोटारीचा पुरवठा अगदी क्षणभर तोडतो. मोटार फिरतच असते, म्हणून तेवढ्या क्षणापुरती ती डायनामो बनते आणि स्वतःच वीज उत्पन्न करते. तिचे व्होल्ट मोजले की वेग कळला! मग चाकांच्या फेऱ्यांशी फटकारे जुळविता येतात.

इथवर सारे ठीक आहे. डिकोडरने आवाजाचे विद्युतसंकेत अगदी बिनचूक पाठविले असे समजू. तरीसुद्धा गुणगुण ऐकू येते. कारण विजेचा आवाज होण्यासाठी शेवटी हवा हलवावी लागते.

हवा हलवायची कशी?

स्पीकरमध्ये एक पातळ पडदा असतो. त्याला तारेचे हलके वेटोळे चिकटविलेले असून ते चुंबकाच्या फटीत असते. वेटोळ्यातून प्रवाह उलटसुलट वाहिला की ते मागेपुढे होते, पडदाही होतो आणि समोरची हवा दाट-विरळ होऊ लागते. हीच ध्वनिलहर.

आता लक्षात ठेवण्याजोगा एक नियम: स्वर निम्म्या वारंवारतेचा झाला, तर तेवढाच मोठा आवाज करण्यासाठी पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ‘एन’ प्रमाणात पुष्कळदा १५ × ११ मि.मी. मापाचा स्पीकर वापरतात. तो साखरेच्या चौकोनी वडीएवढा दिसतो, म्हणून त्याला तसेच नावही पडले आहे. हे स्पीकर मूळचे मोबाइल फोनसारख्या उपकरणांसाठी बनलेले. त्याच्या पडद्याचे हलणारे क्षेत्रफळ १ चौरस सें.मी. धरू. एक मीटरवरून साध्या बोलण्याएवढा, म्हणजे ६० डेसिबेलचा आवाज यावा असे म्हटले, तर गणिताने पडद्याचा आयाम असा येतो:

१००० हर्ट्‌झला सुमारे ०.०७५ मि.मी.
५०० हर्ट्‌झला ०.३ मि.मी.
२५० हर्ट्‌झला १.२ मि.मी.
१०० हर्ट्‌झला ७.५ मि.मी.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. इतक्या छोट्या स्पीकरच्या पडद्याला एक मिलिमीटरभर हलणेसुद्धा जड जाते. तो साडेसात मिलिमीटर कुठून हलणार? तेव्हा खर्जातला आवाज या स्पीकरमधून निघत नाही, यात कारखानदाराची लबाडी नाही. तो पदार्थविज्ञानाचाच नियम आहे. विवर्धक अधिक वॅटचा घेतला तरी उपयोग नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबेलने वाढतो, आणि पडदा आपल्या मर्यादेवर आपटून खडखडू लागतो तो वेगळाच.

पुढची लहर आणि मागची लहर

पण निम्मे नुकसान आपण स्वतःच्या हाताने करून घेत असतो. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाट होते, आणि त्याच क्षणी मागची विरळ. स्पीकर उघडाच ठेवला तर पुढची दाट हवा कडेवरून वळून मागच्या विरळ जागेत शिरते. दोन्ही लहरी एकमेकींना खोडून टाकतात. लहान स्पीकरच्या पुढून मागे जाण्याची वाट जेमतेम दोन सें.मी.ची. हजार हर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३४ सें.मी., शंभर हर्ट्‌झची ३.४ मीटर. एवढ्या लांब लहरींपुढे दोन सें.मी. म्हणजे काहीच नव्हे. त्यामुळे मधले आणि खालचे स्वर जवळजवळ पुसले जातात आणि अतिशय उंच स्वर तेवढे उरतात. तीच ती माशीची गुणगुण.

हा प्रयोग तुम्ही स्वतः करा. बॅटरीवर चालणाऱ्या एखाद्या मोडक्या खेळण्यातून किंवा रेडिओतून छोटा स्पीकर काढून घ्या. (घरच्या विजेवर चालणारे कोणतेही उपकरण उघडू नका.) दोन तारांनी तो बॅटरीवरच्या चालू रेडिओला शिक्षकांच्या मदतीने जोडा आणि हातात धरून ऐका. आवाज किरटा येईल. आता हातभर लांबी-रुंदीच्या जाड पुठ्ठ्याला मधोमध स्पीकरच्या पडद्याएवढे भोक पाडा आणि स्पीकर त्यावर पक्का दाबून धरा. आवाज एकदम भरदार होईल! रेडिओ तोच, स्पीकर तोच, वीजही तेवढीच. मग काय बदलले? पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटेनाशी झाली, एवढेच.

इंजिनात हातभर पुठ्ठा मावणार नाही. म्हणून स्पीकरच्या मागच्या बाजूला एक बंद डबी बसवितात. मागची लहर तिच्यातच कोंडली जाते. डबीला सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी हवा तेथून निसटते आणि फायदा कमी होतो. म्हणून तारा जेथून बाहेर येतात ते भोकसुद्धा गोंदाने बुजवावे.

डबी किती मोठी असावी? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी उसळते. पंपात हवा जितकी थोडी तितकी ही स्प्रिंग ताठ. डबीतही असेच होते. डबी फार लहान असली तर आतल्या हवेची स्प्रिंग पडद्याला हलूच देत नाही आणि खालचे स्वर आणखी कमी होतात. १५ × ११ मि.मी. स्पीकरमागे ८ मि.मी. खोलीची डबी लावली तर तिचे घनफळ होते १३२० घन मि.मी., म्हणजे सुमारे १.३ घन सें.मी. चहाच्या चमच्यात याच्या चौपट पाणी मावते! तेव्हा डबीची खोली दोन मि.मी.ने जरी वाढविता आली तरी ती वाढवावी. इथे प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे.

कानाची करामत

तुम्ही म्हणाल, “खर्ज निघतच नसेल तर सारा खटाटोप व्यर्थच!” तसे नाही. आपल्या मदतीला आपलाच कान येतो.

बारा सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन घ्या. ते चार धावांचे असून मिनिटाला ६०० फेरे करीत आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ३६०० आणि सेकंदाला ६० स्फोट. मूळ स्वर ६० हर्ट्‌झचा. पण त्याच्याबरोबर १२०, १८०, २४० असे त्याच्या पटीतले स्वरही निघत असतात. छोट्या स्पीकरमधून ६० चा स्वर येत नाही. ४२०, ४८०, ५४०, ६०० हे येतात. या स्वरांमधील अंतर सगळीकडे ६० आहे. आपला कान आणि मेंदू तेवढ्यावरून ताडतात, की मूळ स्वर ६० चाच असला पाहिजे, आणि तो नसतानाही त्याची उंची आपल्याला जाणवते.

याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. जुना साधा टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झपर्यंतचेच स्वर पाठवीत असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १२० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नसे. तरी वडिलांचा आवाज फोनवर बायकी वाटत नसे. तोच न्याय इथे.

म्हणून छोट्या स्पीकरकडून आपण नेमके काय मागायचे, ते आता ठरले. ६० किंवा १०० हर्ट्‌झ मागू नका. ते मिळणार नाही. पण साधारण ४०० हर्ट्‌झपासून वरचे स्वर स्वच्छ आणि न खडखडता मिळाले पाहिजेत. ते मिळाले की उरलेले काम कान करतो. आणि हे स्वर मिळण्यासाठीच ती बंद डबी हवी.

मग निवड कशी करावी?

बहुतेक जण आधी डिकोडर घेतात आणि मग स्पीकरसाठी जागा शोधतात. हा क्रम उलटा करा.

पहिली गोष्ट, जागा मोजा. इंजिनाचे आवरण काढून टेंडर किंवा डिझेल इंजिनाचे केबिन पट्टीने मोजा. पुठ्ठ्याचा स्पीकरएवढा ठोकळा करून तो आत मावतो का, आवरण नीट बसते का, ते पाहा. काही प्रतिकृतींत मोटारच टेंडरमध्ये असते. तेथे बॉयलरमध्ये जागा शोधावी लागते. जागेसाठी आतला धातू कापायचा मोह होतो, पण जपून. समजा, ८० ग्रॅमच्या इंजिनातून १० ग्रॅम धातू काढला, तर चाकांवरचे वजन आठव्या हिश्शाने घटले. रुळांवरचे घर्षण वजनावर अवलंबून असते. म्हणजे ओढही तितकीच घटली. आवाज मिळाला, पण चढावर गाडी घसरू लागली, असे व्हायला नको.

दुसरी गोष्ट, त्या जागेत मावेल तो मोठ्यात मोठा स्पीकर, डबीसकट निवडा. डबीशिवाय मोठा स्पीकर आणि डबीसह लहान स्पीकर यांत निवड करायची वेळ आली, तर डबीसह लहान घ्या. पडद्यासमोर आवाज बाहेर पडायला वाट हवी. टेंडरच्या तळाला भोके असतील तर पडदा तिकडे वळवावा.

तिसरी गोष्ट, ओहम पाहा. डिकोडरच्या माहितीपत्रकात त्याला किती ओहमचा स्पीकर चालतो ते लिहिलेले असते. ओहमचा नियम आठवा. व्होल्ट तेवढेच असताना रोध निम्मा केला तर प्रवाह दुप्पट होतो. ८ ओहमसाठी असलेल्या डिकोडरला ४ ओहमचा स्पीकर लावला तर विवर्धक तापून जळू शकतो. उलट जास्त ओहमचा लावला तर फक्त आवाज कमी होतो. पूर्वीच्या काही डिकोडरांना १०० ओहमचे स्पीकर लागत. असा जुना डिकोडर हाती आला तर त्याला ८ ओहमचा स्पीकर चुकूनही लावू नका. दोन स्पीकर बसविणार असाल तर हिशेब करा: ८ ओहमचे दोन एकसर जोडणीत १६ ओहम होतात, समांतर जोडणीत ४. शिवाय दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. नाहीतर एकाची दाट लहर दुसऱ्याच्या विरळ लहरीत विरून जाईल. दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवून पडदा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहिले की कळते.

चौथी गोष्ट, डिकोडर. त्याची लांबी-रुंदी-जाडी आणि त्याला मोटारीसाठी पेलणारा प्रवाह आधी पाहा. मग जोडणी पाहा. ‘एनईएम ६५१’ ही ६ खुंट्यांची जोडणी लहान इंजिनांत पुष्कळ आढळते. तीत स्पीकरसाठी खुंटीच नाही, म्हणून त्याच्या दोन तारा वेगळ्या सोल्डर कराव्या लागतात. ‘नेक्स्ट-१८’ या १८ संपर्कांच्या जोडणीत स्पीकरची सोय करता येते. जर्मनीची ईएसयू, ऑस्ट्रियाची झिमो, अमेरिकेची साउंडट्रॅक्स अशा कंपन्यांचे डिकोडर प्रसिद्ध आहेत. पण नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की तुमच्याच वर्गाच्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण त्यात आहे का? दोन सिलिंडरांच्या इंजिनाला तीन सिलिंडरांचा आवाज शोभत नाही.

स्पीकरला जागाच नसेल तर? तो मागच्या पहिल्या डब्यात ठेवून तारा पुढे नेता येतात. आणखीही एक उपाय आहे. खर्जाचा आवाज कोणत्या दिशेने आला हे कानाला नीट ओळखता येत नाही. म्हणून टेबलाखाली मोठा स्पीकर ठेवून खालचे स्वर तेथून आणि वरचे स्वर इंजिनातून काढले, तर सारा आवाज इंजिनातूनच येतो असे वाटते.

धुळीचा कण आणि धारित्र

सगळे जमले, पण गाडी चालताना आवाज मध्येच तुटतो आणि इंजिन सुरू करण्याचा आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही तक्रार नेहमीची. कारण रुळांवरची धूळ. चाकाखाली धुळीचा कण आला की क्षणभर वीज तुटते. मोटार वेगामुळे पुढे सरकते, पण डिकोडर ‘झोपतो’.

यावर उपाय म्हणजे धारित्र. ते वीज साठवून ठेवते आणि खंड पडला की परत देते. किती वेळ? समजा, धारित्र १००० मायक्रोफॅरडचे आहे, ते १४ व्होल्टपर्यंत भरले आहे आणि डिकोडर ७ व्होल्टपर्यंत काम करतो. प्रवाह ०.१ अँपिअर. वेळ म्हणजे धारित्रता गुणिले व्होल्टमधील घट भागिले प्रवाह: ०.००१ × ७ ÷ ०.१ = ०.०७ सेकंद. एवढासा वेळ काय कामाचा? ‘एन’ प्रमाणात ताशी ८० कि.मी. वेगाने धावणारे इंजिन सेकंदाला सुमारे १४ सें.मी. जाते. ०.०७ सेकंदात ते १ सें.मी. पुढे गेले, म्हणजे धुळीचा कण ओलांडून गेले! मात्र डिकोडरला धारित्र जोडण्याची सोय आहे का, आणि किती व्होल्टचे चालेल, ते माहितीपत्रकात पाहूनच जोडावे. आणि धारित्र असले तरी रूळ पुसण्याचा कंटाळा करू नये.

शेवटी गाडी रुळांवर ठेवून आवाज सर्वांत मोठा करा आणि ऐका. पडदा खडखडला की खडखड थांबेपर्यंत तो कमी करा. शिट्टी, फटकारे, घंटा यांचा मोठेपणा डिकोडरमध्ये वेगवेगळा ठरविता येतो. मग अर्ध्या मीटरवर बसून विचारा: ८० मीटरांवरचे इंजिन असेच ऐकू येईल का?

तुमच्याकडे असे इंजिन नसले तरी पुठ्ठ्याचा प्रयोग करून पाहाच. विज्ञान प्रदर्शनात उघडा स्पीकर, पुठ्ठ्यातला स्पीकर आणि डबीतला स्पीकर असे तीन शेजारी शेजारी मांडा, एकच गाणे तिन्हींतून आळीपाळीने ऐकवा आणि पाहणाऱ्यांना विचारा, “यांतला महाग स्पीकर कोणता?” ते बहुधा डबीतल्याकडे बोट दाखवतील. मग त्यांना सांगा, की तिन्ही स्पीकर एकाच किमतीचे आहेत. फरक आहे तो फक्त कोंडलेल्या चमचाभर हवेचा!